बाबांची बाज

तूर झोडता झोडता बाबा खळ्यावरच छाती धरून बसले. माघाचा गार वारा, अन् बाबांचा सदरा घामानं चिंब. डावा हातही दुखून राहिला म्हणाले. दुखणं छातीत, गावानं ते शोधलं बेंबीत. रोग म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला.

शेजारच्या बायजाबाई म्हणजे गावच्या बिनपगारी सिव्हिल सर्जन. त्यांनी बाबांना आडवं केलं, बेंबीवर पेटता दिवा ठेवला, वर लोटा उपडा घातला. सरकलेली बेंबी म्हणे जागेवर येते. लोटा पोटाला असा चिकटला, की बाबांची दोन दुखणी झाली.

मी मौद्याच्या शाळेत नववीत. आठच दिवसांपूर्वी सरांनी फळ्यावर हृदय काढून अशीच लक्षणं सांगितली होती. मी म्हटलं, हे हृदयाचंच आहे, नागपूरला न्या. चंपतकाका म्हणाले, पोरी शिकल्या की घरात रोग येतात. पण बाबांचे ओठ पांढरे पडले तशी माय रडायला लागली, तेव्हा काकांनी सडकेवर ट्रक थांबवायला माणूस धाडला.

सडक पाऊण मैल. बाजेवर नेऊ म्हटलं, तर बाबा उठूनच बसले.

"जित्या मानसानं चौघांच्या खांद्यावर जाऊ नाही. मी चालत जातो."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मरण परवडलं, अपशकुन नाही. अशा वेळी एक पाऊलही चालू नये, असं सर म्हणाले होते. मी बाबांपुढं जाऊन बसले.

"चाला मंग. मारुतीच्या पारापाशी पडसान. मंग हेच चौघं उचलतीन. फक्त तवा तुमाले नाही म्हनता येनार नाही."

मायनं मला थोबाडीतही मारली नाही. बाबा बाजेवर आडवे झाले. मग काकांना म्हणाले, "डोक्स्याकडून न्या गा. पाय पुढं नोका ठेवू."

नागपूरच्या डॉक्टरांनी सुई टोचली, नाकाशी ऑक्सिजन लावला, कागदावर वाकड्या रेघा काढणारं मशीन लावलं. मायला समजावलं, की हृदयाला रक्त देणारी नळी आतून चरबी साचून अरुंद झाली, त्यात रक्ताची गाठ अडकली. रक्तातल्या त्या चरबीला कोलेस्टेरॉल म्हणतात. आता तूप, तर्री, तंबाखू बंद, अन् तेव्हाच्या रीतीप्रमाणे तीन आठवडे पलंगावरून उठायचं नाही. चालत आणलं असतं तर कदाचित पोचलेच नसते, असंही म्हणाले. काका लगेच बोलले, मी तेच सांगून राहिलो होतो.

चौथ्या दिवशी बायजाबाई भेटीला आल्या. ताकदीसाठी तुपात थबथबलेला शिरा घेऊन. मायला म्हणाल्या, "खाऊ घाल वं गोपिका, डॉक्टराले काय कयते?" मायला त्यांचं मन मोडवेना. बाबांचा हात तर डब्याकडं गेलाही होता.

मी डबा ओढून घेतला, बाबांसमोर स्टुलावर बसले अन् सगळा शिरा खाल्ला. बोटंही चाटली. बाबा डोळे वटारून शेवटच्या घासापर्यंत पाहत होते.

"लय माजली हे पोट्टी," ते म्हणाले. आवाज वॉर्डाच्या पार टोकापर्यंत गेला.

माय पदर तोंडाला लावून हसली.