आधी अक्षरं, मग प्रश्न

आमच्या घरी दोन म्हातारे होते. एक आमचे अप्पा, म्हणजे लातुरात स्वतःच्या क्लासमध्ये दहावीची भूमिती शिकवणारे रेणुकादास सर, आणि दुसरा त्यांचा कॉम्प्युटर. दुसरा सहाच वर्षांचा होता, पण त्याच्या जातीत ते वय पेन्शनीचं. नांदेडच्या जिलानीकाकांनी हैदराबादहून एकेक भाग आणून तो जुळवला होता आणि एसटीत मांडीवर घेऊन लातूरला पोचवला होता. काका मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, त्यामुळे कॅबिनेटला रेडिओसारखी थाप मारायची सवय त्यांना होती. गंमत म्हणजे कॉम्प्युटर ती थाप ऐकायचा.

दोन हजार चार साल. गल्लीगल्लीत क्लास, आणि बड्या क्लासवाल्यांचे गुळगुळीत छापील पेपर. आमचा प्रिंटर अर्ध्या ओळी गाळायचा. शेवटी मी भांडून नवा आणायला लावला, तर तो जुन्या विंडोजला ओळखच देईना. नवं विंडोज एक्सपी टाका म्हणाला. जिलानीकाकांना फोन केला. ते म्हणाले, मेमरी वाढवू, डिस्क पुसून नवं टाकू, अजून पाच वर्षं पळेल.

अप्पांनी दोन महिने टाळाटाळ केली. मला राग यायचा. कारण ठाऊक असूनही यायचा, म्हणून जास्त यायचा.

कारण माझी आई, सौदामिनी. अप्पांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून पेपर टाइप करायला ती बसली आणि हळूहळू प्रश्नही तीच रचू लागली. तिच्या प्रश्नांत कखग त्रिकोण नसायचे. औशाच्या किल्ल्याची भिंत असायची, गोदावरीतली नाव असायची, आणि भूकंपानंतर आम्ही ज्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभर राहिलो ती शेड तर सतराशे साठ वेळा. असे अकराशे प्रश्न त्या डिस्कवर होते. आई गेली त्याला वर्ष झालं होतं. तिचं बोलणं आमच्याकडे तेवढंच उरलं होतं.

काका आले तेव्हा अप्पांनी एकच विचारलं, "जिलानी, हिचे प्रश्न राहतील का न्हाई?"

"जशेच्या तसे, सर. एकूण एक फाइल सीडीवर घेऊन राहिलो. तुम्ही बिनघोर चहा घ्या."

त्यांनी खरंच एकूण एक फाइल घेतली. मग डिस्क पुसली, नवी मेमरी बसवली आणि एक्सपी टाकलं. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं. अप्पा म्हणाले, "हे काय लातूरचं वाटंना." आम्ही हसलो. प्रिंटरही चालू झाला. मग काकांनी सीडीवरून आईची पहिली फाइल उघडली.

पडदाभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर. शब्द म्हणून एक नाही. दुसरी फाइल तशीच. दहावी फाइलही तशीच.

काका पुटपुटले, "या खुदा. फॉन्ट राहिला." फॉन्ट म्हणजे टायपिंगची मराठी अक्षरं; ती फाइलमध्ये नसतात, विंडोजच्या पोटात ठेवलेली होती आणि विंडोजबरोबर तीही पुसली गेली होती. देगलूरच्या ज्या छापखानेवाल्याने ती दिली होती, तो छापखाना कधीच बंद पडलेला. काकांनी नांदेडला दुकानात फोन करून सगळे खण शोधायला लावले. नव्हती.

मी तोंडाला येईल ते बोलले. काका मान खाली घालून ऐकत होते. अप्पांनी वही घेतली आणि ते पडद्यासमोर बसले.

"कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर, ते लावून बघू. एक जुना छापील पेपर पायजे फक्त."

अकराशे प्रश्न, आणि हा माणूस वहीत खुणा मांडत बसणार. मला रडू आलं. शिवाय जुने पेपर सगळे रद्दीत गेलेले. एक संच तेवढा असण्याची शक्यता होती, आणि तो दाराजवळच्या खिळ्याला.

तिथे भूकंपाची पिशवी होती, घर हललं की उचलून पळायची. त्र्याण्णवनंतर लातुरात घराघरात अशी एक असायची. बाकीच्यांनी दोनचार वर्षांत काढून टाकली, आईने मरेपर्यंत टांगली. दरवर्षी तीस सप्टेंबरला ती त्यातली बिस्किटं आणि बॅटरीचे सेल बदलायची. आम्ही तिला पोटभर चिडवायचो. ती गेल्यापासून पिशवीला कुणी हात लावला नव्हता. अप्पांनी तर नाहीच.

त्या दिवशी त्यांनीच ती काढली. बॅटरी, शिट्टी, मऊ पडलेली बिस्किटं, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि तळाशी छापील पेपरांचा संच. संचाला रबर लावून दोन फ्लॉपी. दोन्हींवर तिच्या अक्षरात एकच ओळ: 'आधी अक्षरं, मग प्रश्न.'

जिलानीकाकांनी ती ओळ दोनदा वाचली. "भाभींनी मला फोनवर विचारलं होतं. घर पडलं आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पेपर काढायची पाळी आली, तर काय काय लागंल? मीच सांगितलं होतं, आधी फॉन्ट टाका. त्यांनी ध्यानात ठेवलं, मी इसरलो."

पहिली फ्लॉपी बुरशीने गेलेली. दुसरी तिची जोडप्रत होती; ती यंत्राने कुरकुर करत घेतली. काकांनी सवयीने कॅबिनेटला थाप मारली. अक्षरं चढली. त्यांनी फाइल पुन्हा उघडली.

'प्रश्न १. तेरा फुटी शिडी पत्र्याच्या शेडला टेकवली आहे. तिचा पाय शेडपासून पाच फुटांवर आहे. तर शेडची उंची किती?'

"बारा," काका पटकन म्हणाले. एवढी भूमिती त्यांनाही येत होती.

अप्पा पडद्याच्या अगदी जवळ गेले. चष्मा कपाळावर सारला. "बारा फूट कुठं होती गं ती शेड?" ते म्हणाले. "वाकून जावं लागायचं. तूच तर रोज डोकं आपटून घ्यायचीस."

मग ते थांबले, जणू ती काही उत्तर देणार होती. मी आणि काका दुसरीकडे बघत राहिलो.

रविवारी एकशेचाळीस पोरांनी तो पेपर सोडवला. जिलानीकाकांनी नांदेडला जायच्या आधी फॉन्टसकट नवी सीडी करून दिली. अप्पांनी तिच्यावर आपल्या भयंकर अक्षरात तीच ओळ लिहिली, ताजी बिस्किटं आणली, दोन्ही पिशवीत ठेवलं आणि पिशवी पुन्हा खिळ्याला टांगली.