ओल नसलेली भिंत

एजंटची एक पद्धत होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता. घर स्वस्तात लाटायचं असलं की आधी तीन खोटी गिऱ्हाइकं पाठवायची. त्यांनी नाकं मुरडायची, मालकाचा धीर खचवायचा, मग चौथं आणायचं, आपल्या माणसाचं. परक्यांवर घासूनपुसून लख्ख केलेली ही विद्या यंदा त्याने सख्ख्या मावशीवर चालवली. मावशीचे गुडघे गेले होते. हे घर विकून तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या म्हणून तिने विश्वासाने सगळा व्यवहार भाच्याच्या गळ्यात घातला होता. चौथं गिऱ्हाईक म्हणजे त्याचा मेव्हणा, आणि मेव्हण्याच्या आड तो स्वतः.

पहिल्याने जिन्याला नावं ठेवली, दुसरीने स्वयंपाकघराला. तिसरा निवृत्त कंपाउंडर. तो पढवल्यापेक्षा दीडशहाणा निघाला. झोपायच्या खोलीतल्या भिंतीवर टिचक्या मारून त्याने सांगितलं की आत जुनी ओल आहे, अशा खोलीत माणसाची छाती जाते. भिंत खडखडीत कोरडी होती.

मधेच एक शिक्षिका खरोखरीची आली आणि मेव्हण्याहून बरीच जास्त किंमत बोलली. घर गेलं, असं सांगून एजंटने तिला आपल्या ऑफिसच्या दारातूनच वाटेला लावलं. मावशीला उगाच कशाला डोक्याला ताप, असं तो मनाशी म्हणाला. निर्लज्ज माणसालाही मनाची समजूत काढावी लागते.

करारनामा घेऊन तो गेला, तेव्हा मावशी त्या भिंतीकडे बघत बसली होती. पडत्या किमतीबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

"तुला घरांतलं कळतं, खरं सांग," ती म्हणाली. "ह्यांची छाती या ओलीनेच गेली ना? त्यांना खिडकीशी झोपायचं होतं. वारा लागेल म्हणून मीच पलंग भिंतीला लावला. तीन वर्षं खोकले रे."

भिंत कोरडी आहे, एवढंच एजंटने म्हणायचं होतं. पण मग भाव का पाडला, हेही सांगावं लागलं असतं.

"ओल वाईटच, मावशी," तो म्हणाला. "पण तुला तरी कुठे माहीत होतं?"

मग त्याने बोट ठेवलं तिथे तिथे तिने सह्या केल्या.

"घेणाऱ्याला ओलीचं सांग हो," ती म्हणाली. "कुणाला फसवून घर देऊ नये."

सांगतो म्हणाला.