लरज

हिम्मतरावांना आवडणारे हवाईयन गिटारवाले आजवर तीनच होते, आणि त्या तिघांत आपली बायको नाही हे चारचौघांत सांगायला त्यांना कधी संकोच वाटला नव्हता. दिलसुखनगरच्या त्यांच्या घरी कोणी चहाला आलं की विषय मेट्रोवरून निघो नाहीतर भाच्याच्या लग्नावरून, तो फिरून फिरून गिटारीवर यायचाच. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हाताने तारांवरून स्टीलची कांडी सरकवत वाजवतात ती गिटार. पाहुण्याला ती ठाऊक नसली तर हिम्मतरावांना उलट जास्तच चेव यायचा.

"कलकत्त्याचा नीरद सोम," ते एक बोट मिटून म्हणत. "हा माणूस सुरापर्यंत जातच नाही बघा. थोडा अलीकडेच थांबतो. उरलेलं अंतर तुमचं तुम्ही चालायचं." दुसरे सिकंदराबादचे लॉरेन्स मास्तर. त्यांनी जन्मभर क्लबात नाचणाऱ्यांसाठी वाजवलं आणि कोणी मान वर करून ऐकलं नाही. पण मास्तरांनी कांडी उचललेली तारेलासुद्धा कळायची नाही, नुसती शांतता पसरायची, आणि ऐकायची ती शांतता, असं हिम्मतरावांचं म्हणणं. तिसरा हवाई बेटांवरचा कालानी, एका घासून गेलेल्या रेकॉर्डवरचा. "तो रडतो, पण नाक ओढत नाही," एवढंच ते त्याच्याविषयी बोलत. तोवर पाहुणा चहा संपवायच्या घाईला लागलेला असे.

"आणि आमच्या वहिनी?" जाता जाता कोणीतरी विचारायचंच.

"ती सुरात वाजवते," हिम्मतराव म्हणत.

झालं. जेवून उठलेल्याने स्वयंपाकाचं कौतुक करताना भात शिजला होता म्हणावं, तशातली गत. भामाबाई हसून कपबश्या उचलत, पण ते त्यांना लागायचं. खोलवर लागायचं. लग्नाआधी सुलतान बाजारात मामांकडे राहून त्या शिकल्या होत्या. तेव्हा बऱ्या घरच्या मुलींना हे वाद्य शिकवत, कारण ते बसून, पदर सावरून वाजवता येई. बघायला आले तेव्हा हिम्मतरावांनी गाव-गोत न विचारता आधी गिटार ऐकवायला सांगितली होती आणि जागच्या जागी होकार दिला होता. त्याचा भामाबाईंनी जो अर्थ काढला तो पुढे साफ चुकीचा निघाला. गृहस्थाला गिटार आवडली होती, एवढंच.

हे असंच चालायचं, पण गेल्या दसऱ्यानंतर एका दुपारी भामाबाई वाजवत बसल्या असताना हिम्मतराव हातातला पेपर घेऊन आतल्या खोलीतून बाहेर आले आणि दारातच उभे राहिले.

"काय करायलीस तू हे?"

"काय म्हणजे? रोजचंच आहे."

"नाही, नाही. तो शेवटचा सूर पुन्हा धर."

भामाबाईंनी कांडी तारेवर ठेवली. सूर आला आणि थरथरत राहिला, बारीक, एकसारखा. हिम्मतराव खाली फरशीवरच बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कालानीसाठी येतं तसलं. भामाबाईंनी ते पाणी आजवर कडेनेच पाहिलं होतं.

"लरज आली की गं तुझ्या हातात," ते म्हणाले. "इतकी वर्षं कुठं दडवून ठेवली होतीस?"

भामाबाईंना इतका आनंद झाला की आपण काहीच वेगळं केलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी नुसती कांडी ठेवली होती.

ते ध्यानात आलं तेजश्रीच्या. लेक माहेरपणाला आली होती. टीव्ही बघत बसलेल्या आईचा मांडीवर टेकलेला डावा हात आपला आपण हलतोय हे तिने पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी काहीतरी निमित्त काढून आईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते. सुरुवात आहे, म्हणाले, कंपवात आहे, गोळ्या लगेच सुरू करा, हात बराच शांत होईल, पुढची वर्षं सोपी जातील. भामाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यातलं 'हात शांत होईल' एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं.

"पप्पांना मी सांगते," तेजश्री परतताना म्हणाली.

"नक्को. मी सांगीन. माझी शपथ आहे तुला."

लग्नाआधी मामांकडे गिटार शिकवायला येणारे रहमतसाहेब मुलींना एकच वाक्य पुन्हापुन्हा ऐकवायचे. कोणी हौसेने कांडी जास्त हलवली की ते कपाळाला हात लावत, "लरज होना बेटी, रअशा नक्को!" हवी ती लरज, म्हणजे वाजवणाऱ्याने आपल्या मर्जीने सुराला दिलेला कंप. नको तो रअशा, म्हणजे म्हाताऱ्या हाताची थरथर, जी कोणाच्या मर्जीने येत नाही आणि जात नाही. म्हणजे दोन्ही शब्द भामाबाईंना पाठ होते. आपल्या हातात कोणता आलाय हे त्यांना नेमकं कळत होतं, आणि हिम्मतरावांसारखा जाणता माणूस चुकतोय हेही.

तरी गोळ्या गिटारीच्या पेटीत पडून राहिल्या. उद्यापासून घेऊ, असं म्हणता म्हणता दिवाळी गेली. कारण दुपारी भांडी आवरून त्या वाजवायला बसल्या की हिम्मतराव आता समोर येऊन बसत. एकदा तर त्यांनी स्वतःच्या हाताने चहा करून आणला. चहा कसला, नुसतं गोड पाणी, पण भामाबाई तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. डाव्या हाताने ब्लाउजचे हूक लागेनात, निऱ्या सुटू लागल्या, तेव्हा त्या न्हाणीघराचं दार लावून खूप वेळ खटपट करत आणि बाहेर येताना तोंड धुऊन येत. भीती वाटायची. पण दुपार झाली की ती भीती कुठल्या कुठे जायची.

"आई, टॅबलेट्स घेतल्या? हौ की नक्को, सीधा सांग," तेजश्री फोनवर विचारायची.

"घेईन गं."

"पप्पांच्या वाहवासाठी तू हात घालवायलीस, कळतंय का तुला? हे सीरियस आहे, आई!"

"तुला नाही कळायचं ते," भामाबाई म्हणत आणि फोन ठेवून देत. पोरीचं खरं होतं म्हणूनच त्यांना तिचा राग येई.

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी हिमायतनगरला देवरावांकडे बैठक जमली. देवराव हिम्मतरावांचे ऑफिसातले जुने सोबती. त्यांच्या हॉलमध्ये वर्षातून एकदोनदा पाच-पंचवीस मराठी मंडळी गाणं-बजावणं ऐकायला बसत. भामाबाई वाजवायला सुरुवात करण्याआधी हिम्मतराव उभे राहिले. घसा साफ केला.

"मला तीनच लोक आवडतात, हे तुम्हाला पाठ झालंय," ते म्हणाले. लोक हसले. "आता चौथं नाव घ्यायचंय. आणि ते माझ्याच घरात निघालं. मी बहिरा होतो, दुसरं काय."

टाळ्या पडल्या. भामाबाईंचे कान गरम झाले. ज्यासाठी त्या जन्मभर थांबल्या होत्या ते हेच होतं. त्या वाजवू लागल्या. लांब सूर आला की हॉलमधून 'आहा' यायचं, कोणी डोळे मिटायचं, आणि भामाबाई मात्र आपल्या हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तशा बघत राहायच्या. मधे एकदा त्यांनी हात सगळा जोर लावून स्थिर धरून पाहिला. सूर तरीही हलत राहिला.

वाजवणं संपलं, लोकांनी गराडा घातला. देवरावांच्या सुशीलाबाई लगबगीने चहा घेऊन आल्या. भामाबाईंच्या उजव्या हाताच्या बोटांत तारा छेडायच्या नख्या अजून अडकवलेल्याच होत्या, म्हणून सुशीलाबाईंनी कपबशी सरळ त्यांच्या डाव्या हातात ठेवली आणि पुढे गेल्या.

कप बशीवर वाजू लागला. बारीक, एकसारखा.

हिम्मतराव पलीकडे कोणाला तरी कालानीचं रडणं समजावून सांगत होते. ते वाक्याच्या मध्येच थांबले. बाकी कोणाला त्या आवाजात काही वावगं वाटलं नाही, कपबश्या सगळीकडेच वाजत होत्या. पण हिम्मतरावांचा कान पक्का होता. हीच लय त्यांनी आताच सुरात ऐकली होती, तीन महिने रोज दुपारी ऐकली होती. ते मान वळवून नुसते ऐकत राहिले. मग लोकांतून वाट काढत आले, भामाबाईंच्या हातातली कपबशी काढून खिडकीत ठेवली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. धरल्यावरही तो हलतच होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्यापासून."

ऑटोतून उतरून घरात शिरल्यावर भामाबाईंनी सगळं सांगून टाकलं, डॉक्टर काय म्हणाले, तेजश्रीला शपथ कशी घातली, गोळ्या कुठे ठेवल्या.

"अगं पण मग घेत का नव्हतीस?" हिम्मतराव ओरडलेच. "वेडी आहेस का तू?"

"तुम्ही ऐकत होता म्हणून," भामाबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना. "आधी कधी बसला होता समोर?"

हिम्मतराव उठले, पेटी उघडून गोळ्यांचं पाकीट काढलं, आत जाऊन पेला भरून आणला. एक गोळी भामाबाईंच्या तळहातावर ठेवली. त्यांचं हे हळुवार वागणं पाहून भामाबाईंना वाटलं, चला, झालं ते बरंच झालं. उगीच इतके दिवस जीव टांगणीला लावला आपण.

"घे," ते म्हणाले. मग पेला हातात तसाच धरून, खाली फरशीकडे बघत, पुटपुटले, "पण घ्यायच्या आधी... एकदा वाजवशील? तो शेवटचा सूर, तेवढाच."

भामाबाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. अंगाची लाही झाली. आणि कुठेतरी आत, लाज वाटावी इतकं, बरंही वाटलं, कारण इतक्या हावरेपणाने ह्या माणसाने त्यांच्याकडे आजवर काहीच मागितलं नव्हतं. पेटी उघडीच होती. गिटार हाताच्या अंतरावर होती. क्षणभर त्यांचा हात खरंच तिकडे वळला.

मग त्यांनी नवऱ्याच्या हातातून पेला घेतला, गोळी तोंडात टाकली आणि गटागटा पाणी पिऊन टाकलं.

"अरेरे," हिम्मतरावांच्या तोंडून निघून गेलं. हळूच निघालं, आणि लगेच त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पण भामाबाईंना ते ऐकू गेलं. कान त्यांचाही काही कमी नव्हता.