काढून टाकलेला पूर

असुन्सिओन शहरातल्या त्या छोट्या कॉलेजात दर गुरुवारी दुपारी अर्थशास्त्राचं चर्चासत्र भरायचं. एकाने आपलं संशोधन मांडायचं आणि बाकीच्यांनी ते सगळ्या बाजूंनी ठोकून बघायचं, अशी पद्धत. लिदुविना आयालाच्या प्रश्नांना तिथे भलेभले बिचकून असत. पण या गुरुवारी पडद्याशेजारी तीच उभी राहणार होती. विभागाच्या संशोधन केंद्राला नवा प्रमुख निवडायचा होता, तिने अर्ज केला होता, आणि निवड समिती तिचं व्याख्यान ऐकायला येणार होती.

तिचा विषय नव्या पुलाचा होता. पूल होण्याआधी पलीकडच्या काठावरून मांडिओकाचे कंद तराफ्यातून यायचे. पूल झाल्यावर ते ट्रकने येऊ लागले आणि शहरातला भाव उतरला. हे पुलामुळेच झालं, असं तिचं म्हणणं. अडचण एकच होती. पूल सुरू झाला त्याच हंगामात नदीला पूर आला होता. कंद विकणाऱ्या बायकांना काठावरचा बाजार टेकडीवर हलवावा लागला होता. तेव्हा भाव पुलाने पाडला की पुराने, हे ठामपणे सांगणं अवघड होतं. तिने थोडीफार तपासणी केली होती, पण ती पुरेशी नाही हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

हे तिने फक्त ओस्मारला सांगितलं. ओस्मार काबान्यास आणि ती एकाच खोलीत बसत. दोघांची टेबलं समोरासमोर, आणि दोघांत तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यातल्या पाल्याच्या चहाचा, एकच पेला. तिची आई आजारी होती तेव्हा ओस्मारने महिनाभर तिचे तास घेतले होते, कुणाला न सांगता.

सोमवारी दोघं तेरेरे पीत बसले होते. तिने संगणक त्याच्याकडे वळवला. "बायकांनी माल मिळेल त्या भावाने काढला रे," ती म्हणाली. "डोक्यावर छप्पर नाही, माल ठेवायला जागा नाही, काय करतील? हे मी पुराच्या स्लाइडमध्ये आधीच सांगून टाकते."

त्याने पेल्यात गार पाणी ओतलं, नळीतून एक लांब घोट घेतला. "ती स्लाइड काढ."

"का?"

"अगं, समितीतले निम्मे लोक बाहेरचे आहेत. तू आपणहून भिंतीतली भेग दाखवलीस, तर बाकीचं घर बघणार आहेत का ते? भेगेपाशीच बसतील. आणि कुणी विचारलंच तर तोंडी सांग."

"विचारतील रे."

"कोण विचारतंय? पुराचं कुणाच्या लक्षातही नसेल."

तिला ते तितकंसं पटलं नाही. पण ओस्मार सांगत होता. तिने स्लाइड काढून टाकली.

गुरुवारी खोली भरली होती. ओस्मार नेहमी मागे खिडकीपाशी बसायचा, आज दुसऱ्या रांगेत होता. आपल्याला धीर यावा म्हणून बसला असेल, असं तिला वाटलं, आणि खरंच तिला बरं वाटलं. व्याख्यान छान रंगलं. समितीतले एक वयस्कर गृहस्थ मधूनमधून मान डोलावत होते. विभागप्रमुख दोन्या पेर्ला, म्हणजे पेर्लाबाई, यांनी प्रश्नांना सुरुवात करायला सांगितलं, तेव्हा पहिला हात ओस्मारचा वर झाला. सोपा प्रश्न टाकून हा आपल्याला वाट मोकळी करून देणार, असं तिने गृहीत धरलं.

"डॉक्टर आयाला," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी अशी हाक मारली नव्हती. "पूल सुरू झाला त्याच हंगामात पूर आला होता. बाजार टेकडीवर हलवला होता. बायकांनी माल मिळेल त्या भावाने काढला. मग भाव पुलाने पडला की पुराने, हे तुम्ही वेगळं कसं काढता?"

तिच्याच तोंडचे शब्द होते. ते परत ऐकताना तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"ते मी तपासलं आहे," ती म्हणाली.

"मग दाखवा ना," वयस्कर गृहस्थ म्हणाले.

"स्लाइड आत्ता नाहीये. म्हणजे होती. काढली."

"काढली?"

मागे कुणीतरी दबकं हसलं. तिने ओस्मारकडे पाहिलं. तो मान खाली घालून कागदावर काहीतरी टिपत होता. याने सांगितलं म्हणून काढली, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. पण तिथे, सगळ्यांसमोर, ते लहान पोरीच्या तक्रारीसारखं वाटलं असतं. तिने घाईघाईत काही आकडे तोंडी सांगितले. ते ऐकून कुणाचंच समाधान झालं नाही, तिचंही नाही.

बाहेर व्हरांड्यात दोन्या पेर्लांनी तिला गाठलं. "पूर तू स्वतः दाखवला असतास ना, तर माझं मत तुलाच होतं."

"दाखवणार होते, बाई. मला काढायला सांगितलं."

"आणि तू ऐकलंस." त्यांचा आवाज चढला नाही. "कुणी सांगितलं, ते मी विचारत नाही. ओस्मारने मात्र नेमकं बोट ठेवलं. त्याच्याही व्याख्यानाला येशील ना पुढच्या गुरुवारी?"

"त्याचं कसलं व्याख्यान?"

पेर्लाबाई थबकल्या. "त्याने अर्ज केलाय. तुला बोलला नाही?"

ती खोलीत गेली तेव्हा ओस्मार दप्तर भरत होता. तिने दार लावून घेतलं.

"अर्ज कधी केलास?"

"शुक्रवारी."

"म्हणजे सोमवारी तुझा अर्ज गेलेला होता. आणि तू मला स्लाइड काढायला सांगितलीस."

"मी सल्ला दिला. मानलास तू."

"ओस्मार."

"प्रश्न बरोबर होता की नाही, ते सांग."

"बरोबर होता. माझा होता."

"प्रश्न कुणाच्या मालकीचे नसतात, लिदु. तूच वर्गात सांगतेस."

ती खुर्चीत बसली. "मला नुसतं म्हणाला असतास, की ही जागा तुला हवी आहे. मी अर्ज मागे घेतला असता."

"तेच तर नको होतं." पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "तू मोठ्या मनाने द्यायचं, आणि मी आयुष्यभर तुझा उपकार बाळगायचा. त्यापेक्षा हे बरं."

"हे बरं?"

दप्तर खांद्याला अडकवून तो निघून गेला.

जागा ओस्मारला मिळाली. महिन्याभराने त्याने तिला उपप्रमुख व्हायचं का विचारलं. ती नको म्हणाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका अडगळीच्या खोलीत आपलं टेबल हलवून घेतलं. तिथे तिने पेपर पुन्हा मुळापासून केला. जिथे पूर पोहोचला नव्हता अशा वरच्या गावांचे भाव मिळवले, रोज सकाळी ते ताडून पाहिले. पुलाने भाव उतरला होता हे खरं निघालं, पण तिने आधी सांगितलं होतं त्याच्या निम्म्यानेच. काम आता भक्कम झालं होतं. ते दाखवावं असं माणूस मात्र कॉलेजात तिला उरलं नव्हतं. रस्त्याने चालताना एखादी शंका सुचली, की सवयीने तिच्या तोंडात ओस्मारचं नाव येई, आणि मग उरलेला रस्ता तिचा स्वतःवरच चिडण्यात जाई.

हिवाळ्यात तिने ते पुन्हा मांडलं. दक्षिणेचा गार वारा सुटला होता, लोक अंगावर कोट ठेवूनच बसले होते. केंद्राचा प्रमुख या नात्याने ओस्मारने तिची ओळख करून दिली. "माझी जुनी मैत्रीण," असं तो म्हणाला. प्रश्न कडक आले, तिने एकेक करून उत्तरं दिली. दोन्या पेर्लांनी मान डोलावली.

शेवटी ओस्मार उठला. "एका चर्चासत्रात आलेल्या एका प्रश्नाने हा पेपर किती सुधारला, ते आपण आज पाहिलं," तो म्हणाला. "ही सत्रं असतात ती यासाठीच. तो प्रश्न मला विचारता आला, याचं मला समाधान आहे."

टाळ्या पडल्या. त्याच्या बोलण्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि म्हणूनच तिला त्यावर काही बोलता येईना. तिने संगणकाची वायर सोडवली, गुंडाळली, पिशवीत टाकली.

नव्याने लागलेली निमिया नावाची तरुण प्राध्यापिका जिन्यापर्यंत तिच्याबरोबर आली. "काबान्यास सर किती मोकळेपणाने बोलले, नाही? असे मित्र असायला नशीब लागतं."

"बोलतो छान," लिदुविना म्हणाली, आणि कोटाची बटणं लावत जिना उतरू लागली.