प्रश्नानंतरचे नऊ सेकंद

मी एक जुने स्टॉपवॉच आहे, आणि स्वभावाने भलते उतावळे आहे. मित्रांनो, त्यात माझा काही दोष नाही. कारखान्यात एका कारागिराने डोळ्याला भिंग लावून माझी चाके बसवली, चावी दिली, आणि माझा काटा जो सुटला तो सुटलाच. त्यानंतर अकरा वर्षे मी एका शाळेतल्या खेळाच्या सरांच्या गळ्यात मिरवले. शंभर मीटरची शर्यत असली की सगळी शाळा माझ्या तोंडाकडे बघायची. जो लवकर तो शहाणा, हे मी तिथेच शिकले. पुढे माझी काच तडकली, सरांनी आकडे दाखवणारे नवे घड्याळ आणले आणि माझी रवानगी शिक्षकांच्या खोलीतल्या खणात झाली. खडूचे तुकडे आणि शाई वाळलेली पेने हेच माझे सोबती. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

एका सोमवारी गणिताच्या बाईंनी मला बाहेर काढले. त्यांची धाकटी नणंद त्यांच्याकडे राहायला आली होती. वर्गात बसून मुले कशी शिकतात याचे संशोधन करणे, हे तिचे काम. बाईंनीच तिला वर्गात बोलावले होते, कारण त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. त्यांच्या पाचवीच्या वर्गातली एक मुलगी तोंडातून शब्द काढत नसे. मुले तिला 'गोगलगाय' म्हणत, वर 'पोटात पाय' अशी पुस्तीही जोडत. शुक्रवारी मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर, वर्गावर येणार होते. त्या दिवशीही ती गप्प राहिली, तर तिची खालच्या तुकडीत बदली होणार होती. बाईंना ती ढ वाटत नव्हती, पण तसे दाखवायचे कसे?

नणंद शेवटच्या बाकावर बसली. बाईंचा प्रश्न संपला की ती मला सुरू करायची, आणि वर्गात कोणीही तोंड उघडले की बंद. मी खुशीत होते. एक सेकंद! सव्वा सेकंद! शर्यतीतसुद्धा इतके छोटे आकडे मी कधी पाहिले नव्हते.

"वहिनी, प्रश्न तू विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस," मधल्या सुट्टीत नणंद म्हणाली. "नाहीतर पहिल्या बाकावरचा तो 'बाई मी, बाई मी' करणारा देतो. बाकीची पोरं विचार करायला लागायच्या आत तू पुढे गेलेली असतेस."

"मग काय हाताची घडी घालून बसू? अडतीस मुलं आहेत, आणि धडा संपवायचा असतो!"

"निदान तीन सेकंद थांब. जास्त जमलं तर जास्त. हे कितीतरी वर्गांत मोजून झालंय. शिक्षक थांबले की जास्त मुलं बोलतात, आणि नीट बोलतात. पण तुझ्या वर्गात काय होईल ते मी कशी सांगू? तूच करून बघ."

माझा तर पारा चढला. थांबणे ही काय शिकवण्याची रीत झाली?

बुधवारी बाईंनी मला मुठीत धरले, सरळ गोगलगायीलाच उभे केले, प्रश्न विचारला आणि तिच्याकडे बघत थांबल्या. पाच सेकंद. दहा. सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघू लागला. तिचे कान लाल झाले. चौदाव्या सेकंदाला ती रडू लागली. बाईंची मूठ इतकी आवळली की माझी तडकलेली काच करकरली.

"करायला गेले एक आणि झालं भलतंच," शिक्षकांच्या खोलीत बाई म्हणाल्या. "तुझ्या संशोधनाने पोरीला रडवलं."

नणंदेचा चेहरा उतरला. "चूक माझीही आहे. मी नुसता आकडा सांगितला. वहिनी, एकटीला उभं करून थांबलीस, ती झाली उलटतपासणी. प्रश्न सगळ्यांना टाक. हात वर करायचे नाहीत, मनात विचार करायचा, असं आधीच सांग. मग थांब. आणि कोणा एकाकडे रोखून बघू नकोस."

गुरुवारी बाईंनी तसे केले. एरवी न बोलणारी दोन मुले बोलली. गोगलगाय मात्र नाही.

शुक्रवारी मोठे सर मागच्या बाकावर येऊन बसले. त्यांच्या वहीत बदलीचा कागद होता, फक्त सही व्हायची होती. मी बाईंच्या मुठीत होते.

"पाव भाग मोठा की पाचवा भाग? आणि का?" बाईंनी विचारले. "हात खाली. सगळ्यांनी विचार करा."

त्यांनी मला सुरू केले. दोन सेकंद. पहिल्या बाकावरचा 'बाई मी' एका हाताने स्वतःचाच दुसरा हात दाबून बसला होता. तीन. कुठलेसे बाक कुरकुरले. चार. मोठ्या सरांनी घसा खाकरला.

"बाई, पुढे जायचं का?"

बाईंचा अंगठा माझ्या बटणावर आला. एरवी मला त्या बटणाची केवढी घाई! पण त्या दिवशी मी मनात म्हटले, दाबू नका हो, एवढ्यात दाबू नका.

"जरा थांबू या, सर," बाई म्हणाल्या. त्यांनी अंगठा बटणावरून उचलला.

सहा. सात. आठ. नवव्या सेकंदाला खिडकीजवळून बारीक आवाज आला.

"बाई, पण... कशाचा पाव भाग?"

ती गोगलगाय होती. कोणीतरी फिसकन हसले. बाईंनी तिकडे लक्षही दिले नाही. "म्हणजे?" एवढेच विचारून त्या पुन्हा थांबल्या.

"म्हणजे दोन कागद घेतले आणि दोन्ही सारखेच असले, तर पाव मोठा. चारच वाटे होतात ना. पण एक कागद वहीएवढा आणि दुसरा फळ्याएवढा असला तर? मग फळ्याएवढ्याचा पाचवा भाग मोठा होईल. तुम्ही ते सांगितलंच नाही."

मोठ्या सरांनी वही उघडली.

"हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं," ते म्हणाले. त्यांनी बदलीचा कागद फाडला आणि तुकडे खिशात घातले. बाई खुर्चीत बसल्या आणि मला बंद करायचे विसरून गेल्या.

मित्रांनो, आता मी बाईंच्या टेबलावर असते. माझी धूळ पुसा, चावी हलक्या हाताने द्या, एवढे तर मी मागणारच. पण खरे मागणे वेगळे आहे. ज्यांना उत्तर चटकन सुचते, त्यांनी थोडा वेळ हात खाली ठेवावा. शेजारचे कोणी विचारात पडले असेल, तर त्याला विचार करू द्यावा. ती मुलगी चार वर्षे रोज शाळेत येत होती. तिला काही विचारायचे आहे, हे कोणालाच माहीत नव्हते.