जन्नतबीची शेळी

आमच्या ह्यांना एक खोड आहे. समोरच्याला हवं असो नसो, शिकवत सुटायचं. शिरूरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवतात आणि उरलेलं घरी आणून आम्हाला. एरवी मी कानाआड करते. पण चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी सायरला शिकवायला घेतलं, तेव्हा मी होऊन चहा करून देत होते. त्यात माझाही स्वार्थ होता.

सायर माझी धाकटी नणंद. चातुर्मासात आमच्या जैन साध्वी महासतीजींच्या प्रवचनांना बसू लागली आणि दिवाळी झाल्यावर म्हणाली, "मला दीक्षा घ्यायचीय." सासूबाई रडत रडत कबूल झाल्या. घरच्यांच्या आज्ञेशिवाय दीक्षा देत नाहीत; सासरे हयात नव्हते, म्हणून राहिली थोरल्या भावाची, म्हणजे ह्यांची, आज्ञा. सरळ नाही म्हणायचं सोडून ह्यांनी पैज मारली. "महिनाभर माझ्याकडून उत्क्रांती समजून घे. तरी मन फिरलं नाही तर आज्ञा दिली." मी निर्धास्त झाले. सायर गेली असती तर त्या घरात मला हसायला दुसरं होतं कोण?

मग रोज दुपारी ओट्यावर वर्ग. मासे, बेडूक, माकडं, माणूस. सायर मध्येच म्हणायची, "आपल्यात पण एका इंद्रियाचा जीव जन्मोजन्मी पाच इंद्रियांपर्यंत चढतोच की, भाऊ. फकस्त ज्याचा तो चढतो, आन् चुकला की खाली येतो."

"इथं एकटा कुणी चढत नाही. अख्खी जात बदलते. आणि कुठं पोचायचं, असं काही ठरलेलं नसतं."

ती मान डोलवायची. मला वाटलं, झालं काम.

एके दिवशी ह्यांनी बहात्तरच्या दुष्काळाचं उदाहरण काढलं. शेजारच्या जन्नतबीच्या ज्या शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून बाभळीचा पाला ओरबाडायच्या, त्या जगल्या. त्यांची पिलावळ अजून गल्लीत हिंडते. बुटकी शेळी मैना मेली. तिला सायर आपल्या वाटचं पाणी पाजायची. मेली तीही आमच्याच ओट्याशी.

"तिचं काय चुकलं?" सायरनं विचारलं.

"काहीच नाही. काही मरतात म्हणून बाकीच्यांना पुरतं. असंच होत होत आपण इथवर आलो. सगळ्या जीवांचं मूळ एक. म्हटलं तर सगळे एकमेकांचे नातलग."

हे भलतेच खूश होते. सायर त्या दिवशी जेवली नाही. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

महिना संपला तेव्हा महासतीजी पायी विहार करत दौंडला पोचल्या होत्या. रविवारी आम्ही एस.टी.नं तिथल्या जैन स्थानकात, साध्वी उतरतात तिथं, गेलो. सायर हात जोडून उभी राहिली. "भाऊंनी शिकवलं ते सगळं पटलं," ती म्हणाली. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पदराआड हसले.

"म्हणूनच दीक्षा घ्यायचीय. माझ्या ह्या एका देहापायी मागं किती जीव मेले, ते मला ठावंच न्हवतं. भाऊंच्या वाटेनं दुसरा मेल्याबिगर वर येता येत न्हाई. मला कुणाला न मारता जायचंय."

एवढे चहा मी ह्यासाठी केले होते? ह्यांचा चेहरा तर पार उतरला. महासतीजींनी शांतपणे विचारलं, "भाई, आज्ञा आहे?"

"नाही," हे म्हणाले. आवाज चढला. "सायर, मी नुसतं उदाहरण दिलं होतं. एका शेळीपायी तू आम्हाला सोडणार? ती काय तुझी बहीण होती?"

सायर रागावली नाही. "व्हती, भाऊ. तुमीच शिकवलंत."

बोलण्यात कधी हार न गेलेल्या माझ्या नवऱ्यानं बहिणीकडे पाहिलं. मग त्यांनी हात जोडले. "आज्ञा आहे," म्हणाले, ते मला जेमतेम ऐकू आलं.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडले. मला कुणी आज्ञा विचारली नव्हती. विचारली असती तर मी दिली नसती.