गुळाच्या पाण्याचा निळा ड्रम

मी बोलतोय, कोळंबीच्या तळ्याच्या बांधावरचा निळा ड्रम. जरा जवळ या, कान लावा. बुडबुडे ऐकू येतायत? आज मला गप्प बसवतच नाहीये!

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा स्वतःच्या रंगाचं मला कोण कौतुक! पण इथे आल्या आल्या माझ्यात भरली ब्लीचिंग पावडर. मालकांचा, म्हणजे बाबांचा, जंतूंवर भारी राग. पाण्यात जरा खुट्ट झालं की ओतलीच पावडर. वाईट जंतू मरायचे, त्यांच्याबरोबर चांगलेही जायचे, आणि चार दिवसांत वाईट तेवढे दुप्पट जोमाने परतायचे. बाबांना सांगणार कोण? मला तोंड होतं, पण त्यावर झाकण.

यंदा रोगाने दोन तळी हातची गेली. राहिलं एकच. त्यातलीही कोळंबी खाईना. पाठीतून दिसणारा आतड्याचा काळा दोरा पांढरा पडला. तेव्हा शिकून आलेली लेक पुढे झाली. तिने मला खसाखसा घासून उन्हात पालथं घातलं. मग पाणी, गूळ, कोंडा आणि सोबत आणलेल्या बाटलीतले चांगले जिवाणू, तेही अर्धेच, माझ्यात ओतले, हवेची नळी सोडली.

"हे वाढले की तळ्यात सोडायचे. वाईट जंतूंचं खाणं आणि जागा, दोन्ही हेच बळकावतील."

"जंतूंवर उपाय जंतूच?" बाबा म्हणाले. "कॉलेजात हे शिकवतात?"

संध्याकाळपर्यंत मी फेसाळलो. पोटात एवढी वर्दळ जन्मात अनुभवली नव्हती!

सकाळी लेकीने झाकण काढलं. फेस नाही, आंबूस वास नाही.

"बाबा, यात काही टाकलंत?"

"थोडं ब्लीचिंग. वास मारत होता गं. म्हटलं, तुझे जिवाणू जरा स्वच्छतेत राहू देत."

"ते स्वतःच जंतू आहेत, बाबा. मेले सगळे."

बाबांचा चेहरा पडला.

"मी तुमच्या वयाची असते ना, तर आधी विचारलं असतंत," असं म्हणत तिने बाही सरसावली आणि मला पुन्हा घासायला घेतलं.

बाटलीत आता शेवटचे अर्धे उरले होते. ते माझ्यात पडले आणि बाबा स्टूल घेऊन माझ्या शेजारीच बसले. तिसऱ्या दिवशी तळाशी थोडं विरजण राखून मी तळ्यात रिता झालो. त्यानंतर रोज नवं गूळपाणी, रोज नवा फेस, आणि रोज खाद्याचं ताट पाण्यातून तसंच भरलेलं वर यायचं. माझा जीव टांगणीला.

आज मात्र ताट वर आलं ते रिकामं! लेकीने एक कोळंबी उजेडात धरली. पाठीत काळाभोर दोरा. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"सगळं खाल्लं की गं."

ती नुसती हसत राहिली.

एवढ्यात थोरले काका आले. माझ्यापाशी येऊन त्यांनी नाक दाबलं आणि पावडरीच्या डब्याकडे वळले. अहो, कुणीतरी सांगा त्यांना! मला गूळ द्या, कोंडा द्या, ऊन द्या, पण ती पावडर नको.

बाबा स्टुलावरून उठले आणि माझ्या झाकणावर तळवा ठेवून उभे राहिले.

"दादा, हात लावू नकोस. आत कामगार आहेत."